बिनशिक्क्याचं सरबत

कराऊए, ११ फेब्रुवारी

चि. निबाल्दो यास ताईचा आशीर्वाद.

आणि वर मलाच म्हणतोस, ताई, फोनवर ओरडू नकोस! मीटिंग आहे म्हणून फोन ठेवलास, म्हणून हे लिहितेय. माझं अक्षर लागलं नाही तर कचेरीतल्या कुणाकडून वाचून घे.

आयेलेनच्या रक्तातलं ते विष पुन्हा वाढलंय. जन्मापासून माझ्या नातीला मांस, दूध, डाळी चालत नाहीत. त्यातलं जे रक्तात साठतं ते थेट मेंदूवर जातं. तिची आई मासळीच्या कारखान्यात, लांब. दवाखान्याची पावडर आणि मापून बटाटा देऊन पोरगी मी जगवली. गोड सरबत तेवढं तिच्या नशिबी होतं.

सप्टेंबरच्या सणाला जेवताना तू काय शिकवलंस? पाकिटावर काळा शिक्का असेल ते पोरांना देऊ नका, नसेल ते खुशाल द्या. साखर जास्त असली की मारायचा, तुझ्याच खात्याचा शिक्का. मला बारीक वाचता येत नाही, शिक्का दिसतो. डिसेंबरपासून, आपला उन्हाळा लागल्यापासून, बिनशिक्क्याचं सरबत पाजलं. डॉक्टरीणबाई पाकीट डोळ्यांशी धरून म्हणाल्या, शिक्का चुकवायला कंपनीने साखर काढून दुसरी गोडी घातलीय, हिला तीच बाधते, खाली लिहिलंय की. लिहिलंय, मुंगीएवढं!

पोरीचे हात थरथरतात. स्वतःचं नाव लिहायची, आता मधेच थांबून माझ्याकडे बघते.

रागावलेली, तरी तुझीच,
एर्मेलिंदा

सान्तियागो, १८ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ते मीच बोललो, आयेलेन समोर बसलेली असताना. पण शिक्क्यामुळे कितीतरी पोरांच्या पोटातली साखर कमी झाली, हेही खरं. दुसऱ्या गोडीलाही शिक्का हवा, असं टिपण मी दिलं होतं. वरचे म्हणाले, शिक्के वाढले तर लोक एकही बघणार नाहीत. इशारा छापलाय, कायदा पाळला गेला. टिपण पडून आहे. जरा धीर धर.

लोभ असावा, हे कुठल्या तोंडाने लिहू?
निबाल्दो

कराऊए, २३ फेब्रुवारी

चि. निबाल्दो, आशीर्वाद आहे, पण हात आखडून.

धीर तू धर, तुझं काय जातंय? ती कितीतरी पोरं सुखात राहोत. माझी एकच आहे.

चार मार्चला, सोमवारी, शाळा उघडते. तिथली स्वयंपाकीण ओर्तेन्सिया जेलीचं पाकीट नाचवून म्हणते, बघ बाई, एक शिक्का नाही, हाच माल द्यायचा हुकूम आहे. हेडमास्तर म्हणतात, वरून लेखी आणा, नाहीतर पोरगी घरी ठेवा. आयेलेनने दप्तर भरून दाराशी ठेवलंय. त्यावर नाव घालायला बसली, जमेना, मग फूल काढलं.

टिपणं पुरे झाली. या पोरीला बिनशिक्क्याचं गोड देऊ नये, एवढं कागदावर लिही, खाली तुझी सही. शुक्रवारी, एक मार्चला, संध्याकाळच्या बसने कागद इथे पाहिजे. नाही आला, तर सोमवारी दप्तरासकट तिला तुझ्या कचेरीच्या दारात उभी करते. शाळेत का जायचं नाही, ते तूच तिला सांग.

कागद देतोस की नाही?

एर्मेलिंदा