तीनदा टोचलेली सुई

चि. पप्पू,

लसीकरणावरच्या तुझ्या पिच्चरला कॉलेजात पहिला नंबर आला म्हणं. इथं मला, गावच्या आशाताईला, आठ घरं दार उघडंनात. सिस्टरनं छबुबाईच्या नातवाला सुई एकदाच दिली. पण शूटिंगसाठी तू रिकामी सिरिंज आणखी दोनदा मांडीला लावायला लावलीस. दारातल्या बायांनी तीन मोजल्या. संध्याकाळी लेकराला ताप आला, एका सुईनं येतो तेवढाच, पण आता कोण ऐकतंय? सोमवारी टोळ्या ऊसतोडीला निघतील, लेकरं तशीच बिनलसीची.

हे पत्र तुला पाठवायची न्हाई. मीच तुला थांबवायला पाहिजे होतं. पण तू म्हणलास, "मावशी, साडी लई चांगली दिसायली," आन् मी पदर नीट करून पुन्हा उभी राहिले.

तुझी,
कुशावर्तामावशी