न चाखलेलं काबलर

आये, आज तुझी तिथ. तुला मुलगा नाही म्हणून पान मीच ठेवते, आणि लेकीनं कधी पान ठेवायचं असतं का, म्हणून कशेळ्यातल्या म्हाताऱ्या अजून नाकं मुरडतात. मुरडू देत बापड्या, त्यांच्या नाकांनाही काही काम हवं. हे पत्र कुठं धाडायचं नाही हे मला कळतं. तू असतीस तरी ते कुणीतरी तुला वाचूनच दाखवलं असतं, कारण तुला अक्षर येत नव्हतं. मला तरी कुठं येत होतं? सून आली पनवेलच्या शाळेत शिकलेली, तिनं या वयात मला पाटीवर गिरवायला बसवलं. माझं अक्षर वाकडं आलं तर ती हसत नाही. मी मात्र तिच्या भाकरीला हसते, आणि तीही ते चालवून घेते. असं आमचं बरं चाललंय.

सांगायचं ते हे, की आज मी काबलर केलं, ते परक्यांच्या चुलीवरचं फळांचं गोड. पोरगा कर्जतच्या मालधक्क्यावर कारकून आहे, त्याला पुण्याच्या कुणा बागवानानं सप्ताळूंची करंडी दिली. तो ती घेऊन दारात आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. करंडीवर पाला झाकलेला, आत काय आहे ते दिसत नव्हतं, पण वास आला आणि माझे हात सुपातच थांबले. पोरगा म्हणाला, "आये, ही कसली फळं म्हनायची?" मी म्हटलं, "मडमेची." त्याला काही कळलं नाही. त्याला आजवर सांगितलंच नव्हतं.

तो बंगला अजून आहे, आये. कर्जत ठेसनाच्या वरच्या अंगाला, घाटात चढणाऱ्या गाडीला जादा इंजीन जोडतात तिथून दिसतो. बाबा तापानं गेले, शेत काकांकडं राहिलं, आणि तू त्या बंगल्यावर पाणी भरायला, भांडी घासायला जायला लागलीस. तेवढ्याला गावात कुणी काही म्हणत नव्हतं. बाहेरचं काम ते बाहेरचं. साहेब विलायतेचा, रेल्वेचा. पण मडम अमेरिकेची. तिचा गोव्याचा बबर्ची आजारी पडून घरी गेला तो परतलाच नाही, आणि एक दिवस मडम तुला हातानं खुणावून आत घेऊन गेली. मी मागच्या पडवीत बसलेली. आतून तुझी बांगडी वाजत नव्हती, ती तर तू केव्हाच उतरवली होतीस, पण मडमेचं बोलणं आणि तुझं "हां, हां" ऐकू येत होतं. तुला तिचं एक अक्षर कळत नसणार. तरी तू हां हां म्हणत होतीस.

करायची रीत अशी. सप्ताळू, म्हणजे मडमेचे पीच, उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकायचे, म्हणजे साल आपोआप सुटते. फोडी करून त्यांत साखर आणि दालचिनीची पूड घालायची. जाड लोखंडी भांड्याला आतून लोणी फासून त्यात फोडी पसरायच्या. मग मैद्यात लोणी चोळून, ताकात सैलसर भिजवून, चिमूटभर सोडा घालून, त्याचे गोळे फोडींवर चमच्यानं टाकायचे. लाटायचं नाही, थापायचं नाही, नुसते टाकायचे. झाकण ठेवून खाली निखारे, झाकणावर निखारे. ते बघून तू पहिल्याच दिवशी हसलीस म्हणे. "हे तर आपलं काकडीचं धोंडस, असंच खाली-वर निखाऱ्यात भाजलेलं," असं घरी येऊन मला सांगितलंस, "फकस्त उलटं. फळ खाली नि पीठ वर." मडमेच्या हातून ते दर वेळी खाली करपायचं, कारण ती सगळा विस्तव खालीच घालायची. तू वर जास्त आणि खाली कमी केलास, आणि त्या दिवसापासून बंगल्यावर काबलर तुझंच झालं. खंडाळ्याहून साहेब लोक यायचे ते विचारून खायचे. मडम तुला पाहुण्यांपुढं उभी करायची आणि तू पदर पुढं ओढून जमिनीकडं बघायचीस. बंगल्यावरून गावाकडं परतताना नदीच्या वाळूतून तुझी पावलं जरा भराभर पडायची. तुझा तेव्हाचा चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही.

पण तू ते चाखत नव्हतीस. मडम चमचा तुझ्या तोंडाजवळ धरायची. "चाको, चाको," तिच्या त्या मोडक्या बोलीत. तू दोन पावलं मागं सरायचीस आणि म्हणायचीस, "नाय मडमसाब. आमच्यात रांधनारी चाकत नाय. वाढायचं आन्न उष्टं व्हतं." साहेबाच्या शिपायानं ते मडमेला उलगडून सांगितलं, तेव्हा तिला ते फार आवडलं, वाटलं केवढी मोठी रीत. खरं कारण वेगळं होतं. त्या घरचा घास तोंडात गेला तर जात गेली. ते तू तिला कधी सांगितलं नाहीस. तिच्याच चुलीपुढं उभं राहून, तुझं अन्न मला चालत नाही, असं म्हणवत नव्हतं तुला. खोटं बोलली नाहीस तू, निम्मं बोललीस. आणि सगळं काम नाकावर केलंस. आधी कच्च्या पिठाचा वास, मग लोण्याचा, मग रस कडेला धरू लागला की त्याचा. "वास पालटला," म्हणायचीस आणि निखारे उतरवायचीस. एक दिवस भांडं उतरवून ठेवलेलं, झाकणाच्या फटीतून रस बाहेर आलेला, आणि मी बोट पुढं केलं. तू माझ्या हातावर अशी चापट मारलीस की मडम आतून धावत आली. "लगीन व्हायचंय तुजं," तू दात आवळून म्हणालीस, "कळतंय का गं?" मला काहीच कळलं नव्हतं. हात दुखत होता एवढंच. पण त्याच वेळी मी तुझ्याकडं बघितलं, तर तू त्या रसाकडं बघत होतीस.

माझी सुपारी फुटली होती. कशेळ्याचं घर, दोन बैल, भाताचं शेत. बापाविना पोरीला एवढं मिळालं म्हणून सगळे तुला नशीबवान म्हणत होते. मग मुलाचा चुलता कर्जतच्या बाजाराला आला, आणि बंगल्याच्या मागच्या दारी त्यानं तुला भांड्यावरचे निखारे काढताना पाहिलं. दुसऱ्याच आठवड्यात पंच देवळापुढं बसले. ते मला आत्तासुद्धा दिसतं. दुपार आहे, वडाखाली पुरुष बसलेत, बायका देवळाच्या भिंतीआड उभ्या आहेत, आणि तू मधोमध एकटी. थोरला पंच विचारतो, "मडमेच्या घरात रांधतंस म्हनं?" तू म्हणतेस, "रांधते." भिंतीआडून मला वाटतं, आये, नाही म्हण की गं! पंच म्हणतो, "मंग चाकलं असशीलच. चाकल्याबिगर कुनाला रांधता येतं?" तू मान वर करतेस. "बाबा, गनपतीचा निवद तुमची कारभारीन चाकून करती का? तिला येतं, तसं मलाबी येतं." भिंतीआड बायका हसल्या. खुद्द पंचाची कारभारीण सगळ्यात मोठ्यानं हसली. ते निम्मं उत्तर, मडमेसाठी केलेलं, तिथं तुझ्या कामी आलं. पण हसू पुरुषांपर्यंत पोचलं नाही. मुलाचा चुलता म्हणाला, देवावर हात ठेवून सांगू दे. आजवर तोंडाला लावलं नाही आणि पुढंही कधी लावणार नाही. कामही सोडायचं. तू आत गेलीस, देवाच्या पायांवर हात ठेवलास. "लावलं नाय. कंदी लावनार नाय." तुझा आवाज अगदी साधा होता. बाजारात भाव सांगावा तसा.

काम सोडल्याचं सांगायला गेलीस तेव्हा मी बरोबर होते. शिपाई साहेबाबरोबर घाटात गेलेला; तुला तिची भाषा नाही, तिला तुझी नाही. तू माझ्याकडं बोट दाखवलंस, मग कपाळाला मुंडावळ्या बांधल्याची खूण केलीस. मडमेला वाटलं लग्नाचं आमंत्रण आहे. ती आनंदानं टाळ्या वाजवायला लागली. मग तू हात जोडलेस आणि ते खाली केलेच नाहीस, तेव्हा तिला कळलं. ती आत गेली आणि ते लोखंडी भांडं झाकणासकट तुझ्या हातात देऊन परत आत निघून गेली. तू ते डोक्यावर घेऊन आलीस. घरी शेणकुटात लाल होईस्तोवर तापवलंस, म्हणजे कुणी काही म्हणायला नको. त्यात तू मरेपर्यंत धोंडस केलंस. सुंदर करायचीस. पण नदी ओलांडताना तुझं ते भराभर चालणं परत आलं नाही, आणि ते माझ्या लग्नापायी गेलं, हे मला लहानपणीही कळत होतं.

तर ते लग्न कसं झालं, हे तू एकदाही विचारलं नाहीस. मी सांगते. बरं झालं. माणूस अबोल होता, पण हात उगारला नाही त्यानं कधी. सासू खाष्ट होती ती लवकर निवळली. पोरगा झाला, शिकला. वाईट म्हणायला जागा नाही. पण कधी कधी भात सडताना मनात यायचं, एवढ्याशा संसारासाठी तू केवढं देऊन बसलीस. तुझा राग यायचा मला. मग माझाच यायचा. आणि मग भात सडून व्हायचा.

आज काबलर झालं. वर जास्त, खाली कमी. वास पालटला तो मला कळला, आये, मला खरंच कळला. सगळ्यांना वाढायच्या आधी मी एक वाटी वेगळी काढली, तुझी. पान वाढलं होतं, वरण-भात, वडे, आळूची भाजी, तुझं धोंडसही. वाटी हातात घेऊन मी पानाजवळ उभी राहिले आणि हात पुढं होईना. तू देवावर हात ठेवला होतास. कंदी लावनार नाय, म्हणाली होतीस. कंदी म्हणजे कुठवर? सून मागून म्हणाली, "आत्याबाई, शपथ जित्या मानसाची असती. आता कोन पंच बसलाय वर?" पोरगी हुशार आहे. तिचं खरंही असेल. पण तू तो शब्द माझ्यासाठी दिलास, तो तुझ्या तोंडी घास घालून मी मोडायचा, हे काही मला जमेना. पान तसंच ठेवलं, वाटीशिवाय. कावळा आला, वडा घेऊन गेला.

पण सांगितल्यानं तर शपथ मोडत नाही ना? म्हणून लिहायला बसले. चव अशी आहे बघ. पहिल्यांदा वरचं पीठ लागतं, जरा खारट, लोण्याच्या चवीचं, काही विशेष नाही. मग खालची फोड येते. ती आधी आंबट, कैरीइतकी नाही, पिकत आलेल्या करवंदासारखी, आणि तोंड वाकडं करेपर्यंत ती गोड होते. कडेला रस धरतो तिथं चिकट, गुळाच्या काकवीजवळ जाणारं. तुला कडेचंच आवडलं असतं.

एक कबूल करते आणि हे घडी करून ठेवते. ती वाटी मला कावळ्याला देववली नाही, गुरांपुढं टाकवली नाही, आणि पोरांनाही दिली नाही. पडवीत बसून मीच खाल्ली. तुझा वाटा होता हे ठाऊक असून खाल्ला. वाटलं होतं घशाखाली उतरणार नाही, रडू येईल. नाही आलं गं. फार गोड लागत होतं.