बॉयलरला रिठा

१२ ऑक्टोबर १९५६
आजपासून मी मिलचा वॉटर केमिस्ट. शाळेत पोरांना लिटमस दाखवून प्रतिभा गंजली होती. विहिरीचं पाणी जड, त्यामुळे बॉयलरच्या नळ्यांत क्षाराचा थर साचतो. किरकोळ प्रॉब्लेम. आठवड्यात सोडवीन.

१५ ऑक्टोबर
मॅनेजर भय्यासाहेब म्हणाले, पाण्यात चुना-सोडा घालून टाकीत निवळू द्या, सगळीकडे तसंच करतात. सगळीकडे! मग माझी गरज काय? प्रोबेशनवर आहात, जपून राहा, असंही म्हणाले. धाक बसलाय माझा.

१९ ऑक्टोबर
चुना जरा जास्त पडला. पाणी आधीपेक्षा जड झालं. चुनाच खराब.

२३ ऑक्टोबर, दुपारी
सापडलं! बायको, रजनी, रिठ्याने शाल धूत होती. मळ निघतो, मग क्षार का नाही? तिला थिअरी समजावली. म्हणाली, "अहो, फेस होईल." हिला केमिस्ट्री कळत नाही.

२६ ऑक्टोबर
फ्रीगंजच्या बाजारातून रिठ्याचं पोतं आणलं. फिटर दिलीपने विचारलं, "साहब, बॉयलर में? पक्का?" पक्का म्हटलं. एक तारखेला मध्य भारत राज्य जाऊन नवा मध्य प्रदेश येतोय. सकाळी मिलचा भोंगा वाजवून स्वागत. राजधानी भोपाळला. तिथे चीफ केमिस्ट लागेलच. कोट इस्त्रीला दिला.

१ नोव्हेंबर
काल रिठ्याचा काढा बॉयलरमध्ये सोडला. सकाळी झेंड्यासमोर सगळे उभे. दिलीपने साखळी ओढली. भोंगा वाजला नाही. गुळण्या केल्या आणि फेस ओकला. पाहुण्यांच्या टोप्यांवर, जिलबीच्या थाळीत. नशीब, खाली येईपर्यंत गार झाला. वाफेबरोबर इंजिनात पाणी शिरलं, मिल बंद. भय्यासाहेबांनी विचारलं, "हे काय होतं?" मी म्हटलं, फर्स्ट ट्रायल.

३ नोव्हेंबर
नोकरी राहिली. माझ्या योग्यतेमुळे. रजनी काल भय्यासाहेबांच्या घरी जाऊन आली म्हणे. डोळे लाल होते. कशाला गेली, विचारलं नाही. फराळ द्यायला असेल.

५ नोव्हेंबर, संध्याकाळी
दिवाळीची सुट्टी सगळ्यांना, मला नाही. बॉयलर गार झालाय. आत शिरून थर हातोडीने ठोकून काढायचा. तोंड अरुंद, माणूस बारीक हवा. भय्यासाहेब म्हणाले, तुम्हीच. आतून संशोधन करायची संधी किती केमिस्टना मिळते? रांगत अंधारात शिरलो. थर दगडासारखा. ठोकून ठोकून हात भरून आले, टवका नाही निघाला. दिलीपने बाहेरून ओरडून विचारलं, "साहब, कुछ दिख रहा है?"
नाही म्हटलं.
"बत्ती दूँ?"
दे म्हटलं.