हाव म्हणजे होकार नव्हे

मी, मनकर्णाबाई रामराव खर्चे, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. कोणी दाबलं नाही, कोणी भुलवलं नाही. माझ्या मेंदूत उजव्या कपाळामागे गाठ आहे आणि मी फार दिवस नाही. पण बोलणं-लिहिणं डाव्या बाजूला असतं, ती बाजू शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तेव्हा 'आईचं डोकं फिरलं होतं' असं कोर्टात कोणी म्हणू नये. कपाळामागचा भाग तोंडाला लगाम घालतो, तो मात्र ढिला झालाय. खाली शब्द कडक आले तर गाठीच्या नावावर टाका.

१. यजमान रामराव यांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी मुलगी पूनमकडे जळगाव जामोदला होते. माझ्या जाऊ सत्यभामाबाई म्हणाल्या, "काही नाही, अंगावरून वारं गेलं." वारं म्हणून कबुतराचं रक्त चोळत बसल्या. अहो, वारं कसलं! डोक्यातली रक्ताची नळी तुंबली होती, मेंदू मरत होता. दवाखान्यात पोचेतो बोलणं जुळवायची जागा गेली. सत्यभामाबाईंना माझ्या मिळकतीतून काही नाही. मयतीला आल्या तर चहा द्यावा.

२. यजमानांकडे एकच शब्द उरला: "हाव," म्हणजे आपल्या बोलीतलं हो. भूक लागली का, हाव. पोट भरलं का, तरी हाव. समजतं पुष्कळ, कारण समजायची जागा कानामागे आहे, ती वाचली. आरती अख्खी म्हणतात, गाण्याला उजवी बाजू मदत करते. शिवीसुद्धा स्वच्छ येते. फक्त नाही म्हणता येत नाही.

मुलगा दीपक हे जाणून होता. मी तपासणीला अकोल्याला गेले, तेव्हा त्यानं बापाला गाडीत घालून रजिस्ट्री कचेरीत नेलं. दस्ताच्या वेळी साहेबांनी विचारलं, "बाबा, वावर खुशीनं पोराले देता काय?" "हाव." अंगठा झाला, बक्षीसपत्र झालं, पुढे ते शेत विकलंही गेलं. मी घरी आल्यावर दीपकसमोर यांना विचारलं, "अहो, तुम्ही बाई आहात का?" "हाव." "आपला दीपक मेला का?" "हाव," म्हणाले आणि ढसाढसा रडले. दीपक म्हणतो, "आई, मले काय मालूम?" मालूम नव्हतं म्हणे! माझ्याच वर्गात मेंदूचा धडा शिकलास, दळभद्र्या.

३. राहतं घर माझ्या नावावर आहे, ते पूनमला. यजमान हयात असेतो विकू नये. मेंदूचा प्लास्टरचा नमुना शाळेला द्यावा. त्यातला छोटा मेंदू नात छकुलीनं खेळताना हरवला. शरीराचा तोल तो सांभाळतो, हे पोरांना तोंडी सांगावं.

४. यजमानांना हो-नाहीचा प्रश्न घालू नये. दोन वस्तू समोर ठेवाव्या, भाकर की खिचडी, आणि थांबावं. डावा हात उचलतात. वेळ लागतो. घाई करणाऱ्यानं त्यांच्याजवळ बसूच नये.

५. माझ्यानंतर यांनी पूनमकडे राहावं, असं मी कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं. मग मनात आलं, यांना कोणी विचारलं? काल खाटेवर पूनमचा आणि दीपकचा फोटो ठेवला. "अहो, मी आता राहत नाही. तुम्ही कोणाकडे जाता?" हात दीपकवर गेला. मी फोटोंची जागा बदलली. पुन्हा दीपक. मग त्याचा फोटो उशीखाली दडवला, तर यांनी उशी ढकलली. बाप्पा! काय करावं या माणसाले! मी रडले, यांना वाट्टेल ते बोलले. हे आपले दीपकचा फोटो धरून बसले.

मर्जी त्यांची आहे. म्हणून मसुद्यातलं पूनमचं नाव खोडून हे कलम नव्यानं लिहिलं. यजमानांनी लोणारला दीपककडे राहावं. पूनमनं भांडू नये, पण वरचेवर जाऊन त्यांचं अंग, कपडे, ताट पाहावं.

दीपक, तुझ्या बापानं तुला निवडलं आहे. मी निवडलं नाही.

सही: मनकर्णाबाई रामराव खर्चे

बाईंनी वाचून दाखवलं आणि आम्हा दोघांदेखत सही केली. त्या पूर्ण भानावर होत्या.

साक्षीदार: १. हैदर शेख चाँद, शेजारी (सही)
२. शंकरराव नारखेडे, निवृत्त शिक्षक (सही)

धामणगाव बढे, १४ ऑगस्ट २०२५