खांबाचा पत्ता

३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोन करायचा सोडून याला पत्राचं खूळ कुठून लागलं, असं म्हणशील. तुझा फोन दिवसभर तुझ्या कार्यकर्त्याच्या खिशात असतो, मेसेजही तोच वाचून दाखवतो. हे त्याच्या कानावर जायला नको, म्हणून कागद.

परवा माझ्या गणिताच्या बाईंचा फोन आला. शेजारच्या बांधकामाचा राडारोडा रस्त्यावर टाकतात, अशी तक्रार त्यांनी पालिकेच्या ॲपवर केली होती. ‘नाव गुप्त राहील’ असं तिथे ठळक लिहिलंय, आणि उद्घाटनाला नगरसेविका म्हणून तूच ते माईकवरून सांगितलंस. आठवड्याभरात बिल्डरची माणसं दारात. बाईंनी लिहिलेली वाक्यं त्यांना तोंडपाठ! तेव्हापासून बाई दाराला साखळी लावून बसल्यात. शिकवणीही बंद केलीय.

मी खड्ड्याची एक तक्रार टाकली, मग नुसता माझा स्वतःचा नंबर टाकून बघितलं. आई, त्या ॲपला पासवर्ड नाही, काही नाही. कुणाचाही नंबर टाका, त्याच्या तक्रारी नावपत्त्यासकट समोर येतात. प्रोग्रॅममधली भोकं शोधायची हेच माझं रोजचं काम, पण हे भोक नाही, भगदाड आहे. ॲप आजच बंद करा, असं पालिकेला पत्र लिहून कळवलंय. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

बाबांना नमस्कार. सभेत घसा फोडू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
बारक्या

•

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं, आणि पाठोपाठ नगराध्यक्षांचं बोलावणंही. तू पालिकेच्या ॲपमध्ये चोरून शिरलास, असं त्यांचं म्हणणं. पालिकेला लिहिलेलं पत्र मागे घेतलं नाही तर पोलिसांत देणार म्हणतात, तुझ्या कंपनीलाही कळवणार. वकिलाची नोटीस निघालीच आहे.

बाईंचं वाईट वाटतं रे, पण ते ॲप ज्याने बनवलं तो ठेकेदार पक्षाचा माणूस आहे. याच महिन्यात तिकिटं ठरणार. वीस वर्षं सतरंज्या उचलल्या तेव्हा कुठे मी खुर्चीवर बसले. चार ओळी लिही, गैरसमज झाला म्हण, आणि मोकळा हो. लहानपणी घरातला रेडिओ उघडून ठेवलास, तो जोडला मी. आता पालिका उघडून ठेवू नकोस!

तुझे बाबा कशातच नाहीत. कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, एवढ्यावरून रोज माझं डोकं खातात. जेवण वेळेवर कर. आईवर रागावलास तरी पत्र टाकायचं विसरू नकोस.

तुझी
आई

•

१८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नोटीस मिळाली. पत्र मागे घेणार नाही.

चोरून शिरलो म्हणे! दार सताड उघडं होतं, आणि मी फक्त माझ्याच घरात डोकावलो. दुसऱ्या कुणाचा नंबर मी टाकला नाही, बाईंचासुद्धा नाही. नोकरी गेली तर जाईल. मला भीती वाटत नाही असं नाही. पण गैरसमज झाला असं मी लिहिलं, तर बाईंच्या दारात आलेली माणसंही गैरसमजच ठरतील.

तुमच्या पक्षाला वाटतं, लोकांची नावं हाताशी असली की बरं. आज पालिका तुमची आहे. उद्या दुसऱ्यांची झाली, की तीच नावं त्यांच्या हातात. तेव्हा तुझ्या बाजूने बोलणाऱ्यांच्या दारात कोण उभं राहील? मुळात ही नावं गोळाच कशाला करायची? दिव्याच्या तक्रारीला पत्ता खांबाचा लागतो, माणसाचा नाही. हे कळायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आपल्या घरच्या फोनचा नंबर टाक आणि स्वतः बघ. मग मला काय सांगायचं ते सांग. रेडिओ मी उघडला होता, कारण तो खरखरत होता.

रागात लिहिलंय, तरी नमस्कार मनापासून आहे.

तुझा
बारक्या

•

२७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

घरचा नंबर टाकला. म्हटलं, काही निघणार नाही आणि तुझे कान उपटता येतील. निघालं ते असं: “कोपऱ्यावरचा दिवा सहा महिने बंद. नगरसेविका नुसत्या फिती कापत हिंडतात. घरी सांगूनही उपयोग होत नाही.” खाली तुझ्या बाबांचं नाव, आपला पत्ता, आणि शेरा: तक्रार निकाली. दिवा अजून बंदच आहे!

आधी मला इतका संताप आला की बाबांना चहासुद्धा दिला नाही. मग लक्षात आलं, गुप्त म्हणून लिहिलेलं मी वाचलं, तसंच त्या बिल्डरनेही वाचलं असणार. लोकांना माईकवरून सांगणारी मीच. सरळ बाईंकडे गेले. त्यांनी साखळी न काढता फटीतून मला पाहिलं, ते काही डोळ्यांपुढून हलेना.

काल पालिकेच्या सभेत ठेकेदाराचं बिल मंजुरीला आलं. मी उठले. नगराध्यक्षांनी बस म्हणून खुणावलं, बसले नाही. बाबांची परवानगी सकाळीच काढली होती, बिचारे मान खाली घालून हो म्हणाले. त्यांची तक्रार शेऱ्यासकट वाचून दाखवली. सभागृह खो खो हसलं. हसू ओसरल्यावर म्हटलं, हा माझा नवरा, याला मी फार तर चहा देणार नाही. पण बाकीच्यांच्या दारात कोण जातंय? मग कुणी हसलं नाही. बिल अडकलं, आणि संध्याकाळी ॲप बंद झालं. तुझी नोटीस कुणी पाठवली हे आता कुणालाच आठवत नाही.

माझं तिकीट कापलं. निरोप कार्यकर्त्याच्या फोनवर आला, म्हणून माझा फोन आधी त्याच्या खिशातून काढून घेतला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण अपक्ष उभी राहतेय. पत्रकं तू लिहायची आहेत, आणि आईचं काम म्हणून फुकट! बाई साखळी काढून माझ्या उमेदवारी अर्जावर पहिली सही करायला आल्या होत्या.

पोरा, तू पत्र मागे घेतलं नाहीस, बरं झालं. असाच हट्टी राहा, आणि जेव.

तुझी
आई

•

२ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझ्या आईने भर सभेत माझी लाज काढली, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. चहा पुन्हा सुरू झाला आहे.

ॲप गेलं, तिकीट गेलं. दिवा मात्र लागलेला नाही. आज पालिकेत जाऊन कागदावर तक्रार दिली. पत्ता खांबाचा घातला. नाव विचारलं नव्हतं, तरी खाली माझं पूर्ण नाव लिहून सही ठोकली. पोच नगरसेविकाबाईंनी स्वतः दिली. तक्रार मागे घ्या, म्हणजे प्रचार तरी सुखाने करता येईल, असं त्या हसत म्हणाल्या.

घेणार नाही, म्हणून सांगितलं.

तुझे
बाबा