‘हिणवणे’चं कार्ड

सोमवार, ४
कोशाच्या ‘ह’ला लागलो एकदाचे! तीस वर्षं गेली यात. संपादकबाईंनी ‘हिणवणे’चं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. अर्थ, व्युत्पत्ती, उदाहरण — शुक्रवारपर्यंत. एवढ्याशा शब्दाला पाच दिवस? माझ्या डाव्या हातचा मळ.

मंगळवार, ५
अर्थ झाले. कमी लेखणे, तुच्छ ठरवणे, टाकून बोलणे. उदाहरणापाशी अडलो. जुन्या कार्डांवरची वाक्यं सगळी पुस्तकी, माणसाच्या तोंडचं एकही नाही. घरी बायकोला विचारलं. ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, “लिहा — त्यानं सख्ख्या भावाला होणाऱ्या व्याह्यांसमोर हिणवलं.”

मी म्हटलं, गंमत केली होती मी, तोही हसला की. तिनं पुढचा सदरा इस्त्रीला घेतला.

बुधवार, ६
गंमतच होती. रविवारी धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरवायला मंडळी आली होती. मुलाच्या वडिलांनी धाकट्याला माझ्या कोशाबद्दल काहीतरी विचारलं. मीच मध्ये तोंड घातलं — याला काय विचारता, यानं सातवीत दोनदा गटांगळी खाल्लीय, याला अक्षरापेक्षा हातोडी बरी कळते. सगळे हसले. तोही हसला. त्याची मुलगी तेवढी चहाचा ट्रे तसाच घेऊन आत गेली.

तेव्हापासून त्याचा फोन नाही. एरवी रोज सकाळी करतो. आईवडील गेल्यावर रक्ताचं तेवढंच एक माणूस उरलंय मला. तो तुटला तर? भीती वाटते.

गुरुवार, ७
‘हीन’वरून ‘हिणवणे’, हे कुणीही सांगेल. पण ‘हीन’ कुठून? संस्कृत ‘हा’ धातू — सोडणे, टाकणे. म्हणजे हीन मुळात वाईट नव्हे, हलकाही नव्हे. हीन म्हणजे टाकलेला! आणि ‘टाकून बोलणे’ हा अर्थ परवा मीच लिहिला, हात जरासुद्धा न अडखळता.

खूप लाज वाटली.

शुक्रवार, ८
‘हीण’बद्दल विचारायचं निमित्त काढून धाकट्याच्या दुकानात गेलो. दागिने घडवतो तो. त्यानं खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. सोन्यात मिसळतात ते हीण म्हणजे घाणच ना, असं मी विचारलं. चिमटा खाली ठेवून त्यानं नीट समजावलं. “घाण कसली? तांबंच असतं बहुतेक. निव्वळ सोनं फार मऊ. हीण नसेल तर अंगठी बोटातल्या बोटात वाकते.”

लिहून घेतलं. मग रविवारी माझं चुकलं, असंही म्हणालो. त्यानं हसून मान हलवली. किती अदबीनं वागला! मोकळं वाटलं. येताना कार्ड संपादकबाईंना देऊन आलो.

शनिवार, ९
सकाळी दाढी करताना लक्षात आलं. काल तो मला एकदाही दादा म्हणाला नाही. ‘बसा’ म्हणाला. ‘पाणी घ्या’ म्हणाला. निघालो तेव्हा ‘या’ म्हणाला. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा धाकट्यानं मला अहो-जाहो केलं.