चटईवरची कुस्ती

रूपा,

म्हशींच्या धारा काढायला कुणी न्हाय म्हणून दवाखान्यात येत न्हाय, असं तुला फोनवर सांगतोय ते खोटं हाय. समोर आलो तर तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय, म्हणून तालमीच्या कट्ट्यावर बसून लिवतोय. धाडायचं धाडस हुईल असं वाटत न्हाय.

गेल्या सोमवारी तू औषधं आणायला खाली गेलतीस. तवा खेळ घेणारी सोनमताई वॉर्डात आली. आधी तिनं पोरांना बसल्या जागी बेडूक केलं, मग फुगं उडवायला लावलं. केमोनं पाय ठणकतात म्हणून सकाळपासनं रडणारी आपली अनुजा खिदळत हुती की! म्हणाली, "आता पप्पासंगं कुस्ती!"

ताईनं चटई टाकली. "दादा, ती ढकलंल. तुम्ही नुसतं उताणं पडायचं."

मी उभाच. भोवतीनं बाकीच्या पोरांचं बाप बघत हुतं. त्यातला एकजण मला कुस्तीच्या मैदानावरनं वळखत हुता. वीस वर्षं लढलो, पण चारचौघांत माझी पाठ कधी मातीला लागली न्हाय. त्या येड्या अभिमानापायी गुडघासुदीक वाकला न्हाय माझा.

अनुजानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच ताईला म्हणाली, "नको ताई. माझं पाय लई दुखाय लागल्यात."

तू आलीस आणि सांजपतोर तिचं पाय चेपत बसलीस. मी शेजारीच बसून बघत हुतो.

रूपा, तिचं पाय तवा दुखत न्हवतं.

पैलवान म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
सर्जेराव